गच्चीवरचे टोमॅटो: फळाचं बूड काळं पडायलंय, खत कमी पडतंय का पाणी?

मांजराकाठची

लातूरला राहते. गच्चीवर यंदा टोमॅटो लावलेत, काही रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्यांत, काही ग्रो बॅगमध्ये. गणपती उठल्यावर रोपं लावली. माती शेतातली काळी, त्यात घरचं कुजलेलं शेणखत. झाडं छातीला लागलीत, पानं गर्द हिरवी, खोड अंगठ्याएवढं जाड. पण फुलं बेताचीच. आणि जी पहिली फळं धरली त्यांचं बूड काळं पडायलंय. आधी बुडाशी पाणी लागल्यासारखा डाग दिसतो, मग तो तपकिरी होतो, कडक होतो आणि आत दबतो. देठाकडची बाजू अगदी चांगली असते.

पाण्याचं असं आहे: आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. आलं की टिपाडं भरून ठेवायची आणि त्या दिवशी झाडांना भरपूर द्यायचं. मधल्या दिवसांत बोअरचं, जमेल तसं. बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादल्यांच्या काठावर पांढरा थर धरलाय. खत म्हणाल तर दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाश म्हणजे पोटॅश, तिन्ही सारखं असलेलं खत), शिवाय रोपवाटिकेत सांगितलं म्हणून मधून मधून युरिया.

जो तो म्हणतो कॅल्शियम कमी आहे, अंड्याची टरफलं घाल. घालू का? आणि पाणी रोज द्यावं का दिवसाआड? आपल्याकडच्या पाण्याचा आणि उन्हाचा अनुभव असलेल्यांनी सांगावं. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत सांगतात ते इथं लागू पडतं का, हीच शंका आहे.

बोरसुरी_वरण

ताई, टरफलं वाळवून मिक्सरमधून काढायची आणि मुठीनं घालायची. आमच्या आईचं वर्षानुवर्षं हेच. चहाचा चोथा पण टाकते.

गोदाकाठ

युरिया आजपासून बंद करा. बाकीचं सावकाश बोलू.

काळी_कसदार

गोदाकाठ यांच्याशी सहमत. थोडं सविस्तर लिहितो. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलोय आणि घरी भाजीपाल्याची शेती आहे.

पहिली गोष्ट, ही बुरशी नाही आणि कीडही नाही. तेव्हा दुकानदारानं बुरशीनाशक हातात दिलं तर घेऊ नका. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही की तिथल्या पेशी मरतात, तो हा डाग. इथपर्यंत सगळे बरोबर सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. आपल्या काळ्या मातीत चुनखडी, म्हणजे कॅल्शियमच, मुळातच भरपूर असते. बोअरच्या पाण्यात आणखी. ताईंच्या बादल्यांच्या काठावर जो पांढरा थर धरलाय, त्यात बहुतेक चुनाच आहे. म्हणजे मुळं चुन्यात बसलीत आणि फळ उपाशी आहे.

असं का होतं? कॅल्शियम झाडात फक्त पाण्याबरोबर वर चढतं. पानांतून बाष्प उडतं म्हणून पानं पाणी ओढून घेतात. फळाच्या सालीतून फारसं काही उडत नाही, त्यामुळं त्याच्या वाट्याला थोडंच येतं. माती दोन-तीन दिवस कोरडी पडली की तेवढंही तुटतं. आणि पानात गेलेलं कॅल्शियम फळाकडं परत वळत नाही. त्यात युरियानं पाला वाढवला की ओढणारी तोंडं वाढली. शिवाय युरियातून जे अमोनियम तयार होतं ते मुळांशी कॅल्शियमला आडवं येतं. फुलं कमी आहेत त्याचं कारणही नत्र (नायट्रोजन) जास्त झालं हेच.

टरफलं घालून बिघडणार काही नाही, पण आपल्या मातीचा सामू (पीएच) साडेसात-आठच्या आसपास. त्यात ती विरघळायला फार काळ जातो. या हंगामातल्या फळांना त्यांचा उपयोग नाही.

ताई, एक बघून सांगा. माती वाळते तेव्हा ती बादलीच्या भिंतीपासून सुटते का? आणि पाणी ओतल्यावर खालच्या भोकातून किती वेळानं येतं?

मांजराकाठची

हो हो! बोट जाईल एवढी फट पडते कडेनं. आणि पाणी ओतलं की लगेच खाली येतं. मला वाटायचं पोट भरलं.

काळी_कसदार

मग मूळ तिथंच आहे. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात भेगा पडतात तेच बादलीत होतं. पाणी फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. त्या गोळ्यातच तर सगळी मुळं.

आता करायचं असं. फटीत कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं निम्मं मिसळून काठीनं हळू दाबून भरा. वरची दोन बोटं माती खुरप्यानं मोकळी करा, मुळं दुखवू नका. पाणी दोन टप्प्यांत द्या: आधी तांब्याभर सगळीकडं फिरवून, माती ओलसर होऊन मिटू द्या, मग पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं. वरून उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड अंथरा, खोडापासून जरा लांब. पुढच्या वर्षी बादलीत निव्वळ काळी माती भरू नका. एक हिस्सा माती, एक कोकोपीट, एक शेणखत-गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड.

काळं बूड झालेली फळं सुधारत नाहीत. तोडून टाका, झाडाचा भार कमी होईल.

कुंथलगिरीचा_खवा

तोडा, पण टाकू नका हो! काळा भाग कापून काढला आणि आत बुरशी नसली की बाकीचं चांगलं असतं. हिरव्या टोमॅटोच्या फोडी, हिरवी मिरची, लसूण तव्यावर भाजायचं, भाजलेले शेंगदाणे आणि तीळ घालून पाट्यावर जाडसर वाटायचं. ज्वारीची कडक भाकरी. काळ्या बुडाचं दुःख एका जेवणात संपतं.

बोरसुरी_वरण

धाग्याला भूक लागली 😄

सड्यावरची_बाग

मी रत्नागिरीची. आम्ही चुलीतली राख घालतो, टोमॅटोला फार मानवते. पोटॅशही मिळतं. तुम्ही का वापरत नाही?

काळी_कसदार

ताई, तुमची जांभी माती आम्लधर्मी. राख अल्कधर्मी, म्हणून तिकडं दोन्ही कामं होतात. आमच्याकडं सामू आधीच वर. राख घातली की तो आणखी चढतो, मग लोह, जस्त मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही. तुमचं बरोबर, पण आमच्या मातीला नको.

देवगिरी_उतार

छत्रपती संभाजीनगर. जायकवाडीत पाणी असो नसो, आमच्या नळाला कित्येक दिवसांचं अंतर ठरलेलंच, त्यामुळं प्रश्न तोच. मी सलाईनच्या नळ्या वापरतो. औषधाच्या दुकानात नवी नळी स्वस्तात मिळते. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनला बुडाशी भोक पाडून नळी बसवायची, कॅन विटांवर उंच ठेवायचा, नळीचं टोक खोडापासून वीतभर लांब, पाचटाखाली. चाक फिरवून सेकंदाला एक थेंब ठेवायचा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे तासाला १८० मिलिलिटर. दोन लिटर पाणी अकरा तास पुरतं. सकाळी भरून कामाला गेलो तरी माती दिवसभर ओलसर राहते. फळाचं बूड काळं पडणं या नळ्यांनंतर थांबलं.

गोदाकाठ

नळी जड पाण्यानं चोंदते, हे सांगायचं राहिलं तुमचं. आमच्या नांदेडच्या बोअरला महिन्यातच बसली.

देवगिरी_उतार

बरोबर आहे. कॅनच्या तोंडाला सुती फडकं बांधायचं आणि अधूनमधून नळी व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायची. क्षार सुटतात.

रानमाती

एवढ्या नळ्या कशाला? कुंभाराकडून बिनरंगाचं, बिनचकाकीचं छोटं मडकं आणा. मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, तोंडावर झाकणी ठेवा. माती कोरडी झाली की मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं. लाईट नको का चाक नको. बादली लहान असेल तर मात्र मडकं जागा खातं, हे मान्य. पन्नास लिटरच्या अर्ध्या टिपाडात मधे मडकं आणि कडेनं दोन झाडं, असं माझं अंबाजोगाईला चालू आहे.

आणि ताई, ते १९:१९:१९ पण सोडा. जीवामृत द्या. मोठं प्रमाण २०० लिटरचं असतं, गच्चीला दहा लिटर पुरे. अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, दोन दिवसांनी पाण्यात मिसळून द्यायचं.

बोरसुरी_वरण

अपार्टमेंटच्या गच्चीवर गोमूत्राचं टिपाड ठेवलं तर सोसायटीची बैठक बसेल, आणि विषय टोमॅटो नसेल.

काळी_कसदार

रानमाती, जीवामृत मातीतले जीव वाढवतं, त्याला माझा विरोध नाही, आमच्या शेतातही सोडतो. पण बादलीतली माती फार थोडी. टोमॅटो खादाड पीक आहे, फळ धरल्यावर सगळ्यात जास्त मागतो ते पालाश. दहा लिटर जीवामृतातून ते पुरेसं मिळत नाही. वीस लिटरच्या बादलीत फक्त जीवामृतावर झाड जगेल, चार-पाच घोस देऊन थकेल.

रानमाती

थकू द्या की. घरच्या खाण्याला चार घोस कमी झाले तर काय बिघडलं? विकायचे थोडेच आहेत. आणि खताचं सगळं पाणी भोकातून गच्चीवर, तिथून गटारात. बादलीत जास्तीचं टाकलेलं कुठं जातं याचाही विचार करा.

काळी_कसदार

या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही, खरं आहे. म्हणून तर थोडं थोडं द्या म्हणतो. फूल येईपर्यंत १९:१९:१९ चालतं. पहिली फळं गोटीएवढी झाली की ते थांबवून १३:०:४५, लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, झाडाला अर्धा ते एक लिटर. तेही माती ओली असताना. कोरड्या मातीत खताचं पाणी दिलं तर मुळं भाजतात. ज्यांना रासायनिक नको त्यांनी महिन्याला दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड घालावी, उत्पन्न कमी येईल पण येईल.

पऱ्हाटी

०:५२:३४ नं फुलं येतात म्हणतात. ते आणि कॅल्शियम नायट्रेट एकदमच दिलं तर? एकाच फेरीत काम होईल.

गोदाकाठ

एकदम नको! ग्लासभर पाण्यात दोन्ही चिमूटभर घालून बघा. पाणी दुधाळ होतं आणि तळाला पांढरा गाळ बसतो. फॉस्फरस आणि कॅल्शियम एकमेकांना धरून बसतात, झाडाला दोन्ही मिळत नाहीत. सल्फेटवाल्या खताबरोबर पण तेच. दोन्हींत चार-पाच दिवसांचं अंतर हवं. आणि एप्सम सॉल्टचा जो तो सल्ला देतो, तेही उगाच घालू नका, मॅग्नेशियम जास्त झालं की कॅल्शियमला आणखी अडथळा. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तरच त्याचा विचार करा.

उदगीरची_गढी

आरओचं वाया जाणारं पाणी टोमॅटोला चालतं का? दिवसाला दोन बादल्या निघतात, गटारात सोडायला जीव होत नाही.

काळी_कसदार

मूळ पाणी किती खारट त्यावर आहे. आरओनं गोडं पाणी वेगळं काढलं की उरलेलं मूळ पाण्यापेक्षा जास्त खारट होणारच. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर मिळतो, मोजून घ्या. टोमॅटोला ११०० टीडीएसपर्यंतचं पाणी फारसं न दुखता चालतं, त्यापुढं फळ कमी होत जातं. जास्त आलं तर नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यात मिसळा, किंवा ते पाणी फरशीला, गाडी धुवायला वापरा. बोअरचं पाणी वापरणाऱ्या सगळ्यांनीच नळाला पाणी येईल त्या दिवशी एकदा बादलीला सावकाश इतकं पाणी द्यावं की खालून थोडं वाहून जाईल. साठलेले क्षार धुऊन निघतात. तो दिवस सोडून इतर वेळी वाहू द्यायचं नाही.

मांजराकाठची

वाहू द्यायचं नाही हे आमच्या हाडात आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा बातम्यांसाठी सगळे आले होते. आम्ही मात्र त्या उन्हाळ्यात तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, असं वाटून वाटून झाडं जगवली. माझ्या सासूबाई आजही हात धुताना खाली घमेलं ठेवतात. कुणी नावं ठेवली तरी ठेवतात.

उदगीरची_गढी

आमच्याकडं पण घमेलं असतंच. नमस्कार सांगा त्यांना.

देवगिरी_उतार

तांदळाचं, डाळीचं, भाजी धुतलेलं पाणी टोमॅटोला खुशाल द्या. भांडी घासलेलं नको. साबणातला सोडियम काळ्या मातीला घट्ट करून टाकतो.

पऱ्हाटी

२०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या पुढं गेला तेव्हा आमच्या बाबांनी गच्चीला कुलूप घातलं होतं. शेजारीण "जरा वाळवण घालते" म्हणून किल्ली मागायला आली, तर बाबा स्वतः सोबत वर गेले.

निलंगेकर_मावशी

माझ्या झाडाची पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळायलीत, बारीक राहायलीत, शेंडा थबकलाय. पाणी कमी होतंय का? खत देऊ?

गोदाकाठ

मावशी, पान हलवून बघा. बारीक पांढऱ्या माश्या उडतात का? शेंडा थबकून पानं बारीक झाली असतील तर तो पर्णगुच्छ, विषाणू आहे. पांढरी माशी पसरवते. खत-पाण्यानं बरं होत नाही. ते एक झाड उपटून पिशवीत बांधून टाका, बाकीच्यांजवळ पिवळे चिकट सापळे लावा. खालची जुनी पानं नुसती गुंडाळली असतील आणि शेंडा जोमात असेल तर ते उन्हामुळं, त्याची काळजी नको.

निलंगेकर_मावशी

उडतात. एकच झाड आहे तसलं. उपटते.

बोरसुरी_वरण

पाणी लागलं का नाही हे ओळखायचं कसं? दुपारी सगळीच झाडं मान टाकतात.

रानमाती

दुपारचं बघून पाणी द्यायचंच नाही. सकाळी सात वाजता बघायचं. सकाळीही मान खाली असेल तर तहान. नाहीतर बोट दोन पेरं मातीत घाला. टोकाला ओलावा लागला, माती बोटाला चिकटली, तर थांबा. बादली एका बाजूनं उचलून बघायची सवय लावली की वजनावरून कळतं. हिवाळ्यात मोठ्या झाडाला लिटर-दीड लिटर पुरतं, मार्चनंतर तीनही कमी पडतं.

मांजराकाठची

येळवस (वेळ अमावस्या) झाली, शेतातली आंबील-भज्जी झाली, आता निवांत लिहिते.

सांगितलं तसं केलं. युरिया बंद, फटी कोकोपीट-गांडूळखतानं भरल्या, भावाच्या शेतातून पाचट आणलं. नळाचं पाणी एकाच दिवशी ओतायचं सोडून टिपाडात झाकून ठेवते आणि रोज सकाळी मापानं देते, आधी तांब्याभर मग उरलेलं. पाणी पहिल्यापेक्षा कमीच लागतंय, याचं सगळ्यात नवल वाटलं. टिपाड पुढचं पाणी येईपर्यंत पुरतं.

खालच्या घोसातली फळं काढून टाकली होती. त्याच्या वरच्या घोसातही दोन काळी निघाली. त्यानंतरचे घोस मात्र स्वच्छ आहेत, आणि पाला थांबून फुलं लागलीत. काळ्या फळांची चटणी केली, खवाताईंची कृती बरोबर होती. टरफलं घातलीच नाहीत.

आता नवीन एक आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. खालची पानं ठीक. हे मॅग्नेशियम का?

काळी_कसदार

छान झालं ताई. नाही, मॅग्नेशियमचं जुन्या पानांवर दिसतं. नव्या पानांवर दिसतंय म्हणजे लोह. बोअरच्या पाण्यानं मातीचा सामू चढला की असं होतं. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत घालू नका, चुनखडीत लगेच निकामी होतो. दुकानात चिलेटेड लोह मागा, आणि पुडीवर ईडीडीएचए लिहिलंय का बघा. ईडीटीएवालं आपल्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचएवालं लालसर असतं, पुडीवरच्या मापानं पाण्यातून मुळाशी द्या, संध्याकाळी. जमेल तेव्हा नळाचं पाणी टोमॅटोला आणि बोअरचं इतर झाडांना, अशी वाटणी करा.

कुंथलगिरीचा_खवा

कृती बरोबर होती म्हणालात, बरं वाटलं. तीळ जास्त घातले तर आणखी छान लागते.

पऱ्हाटी

आता संक्रांतीच्या आसपास नवी रोपं लावली तर उन्हाळ्यात फळं मिळतील का?

गोदाकाठ

लगेच लावली तर मार्च-एप्रिलात मिळतील. दिवसाचा पारा ३५ च्या पुढं गेला आणि रात्रीही २४-२५ च्या खाली उतरेना की परागकण दुबळे पडतात, फूल गळतं. खत वाढवून उपयोग होत नाही, तेव्हा देऊच नका. मार्च लागला की पन्नास टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधा, पश्चिमेकडून खाली येईल अशी, कारण दुपारनंतरचं ऊन जास्त मारतं. काळ्या बादल्या असतील तर बाहेरून गोणपाट गुंडाळा, मुळं तापतात. आणि रोप घेताना पांढरी माशी बघून घ्या, पानाची मागची बाजू उलटून.

पऱ्हाटी

गोणपाट आहे, जाळी आणतो. रोपं उद्याच बघतो.